फोर्टमधल्या जुन्या इमारतीत ऑफिस घेताना: सहीआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: 45 माणसांची डिझाइन आणि सॉफ्टवेअर कंपनी. मुंबईत फोर्टमध्ये, हुतात्मा चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शंभरेक वर्षं जुन्या आणि नुकतीच दुरुस्ती झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 5,000 चौरस फूट जागा मिळते आहे. करार पाच वर्षांचा. मालक म्हणतात, "सगळं नवं केलंय, एसी लावा आणि बसा." सही करण्याआधी काय पाहावं?

भाड्याची घासाघीस सध्या बाजूला ठेवा. ही जागा द्यायचा हक्क कोणाला आहे, तिथे काय करायला परवानगी मिळेल आणि मजल्याची जमीन किती वजन पेलेल, ही तीन उत्तरं हातात आली की मग भाव बोला. या तिन्हींपैकी एक जरी फसलं, तरी चौरस फुटामागे वाचवलेले वीस रुपये पहिल्याच वर्षात पाण्यात जातात.

"सगळं नवं केलंय" याचा कागद मागा. कामाची यादी, कंत्राटदाराची बिलं, आर्किटेक्टचं पूर्णत्वाचं पत्र, जे असेल ते. बऱ्याचदा दर्शनी भाग धुतलेला असतो, मालाड दगडाच्या सांध्यांत नवा चुना भरलेला असतो, जिना पॉलिश केलेला असतो आणि तळमजल्यावर छान दिवे लागलेले असतात. पण भिंतीत गेलेली तुळयांची टोकं, बीडाचे जुने सांडपाण्याचे पाईप आणि मीटररूमपासून वर येणारी मुख्य केबल यांना कोणी हात लावलेला नसतो. तुम्हाला त्रास याच तीन गोष्टी देतात.

आता हक्काचं. फोर्टमध्ये तुमच्यासमोर बसलेला "मालक" हा अनेकदा पागडीचा, म्हणजे पूर्वी मोठी रक्कम देऊन कायम राहिलेला, भाडेकरू असतो. मूळ मालक वेगळा, कधी एखादं कुटुंब तर कधी धर्मादाय ट्रस्ट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 26 प्रमाणे करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, लायसन्सवर (नुसत्या वापराच्या परवान्यावर) सुद्धा नाही. म्हणून मालमत्ता पत्रक (सी.एस. म्हणजे भूमापन नंबर, फोर्ट डिव्हिजन), शेवटची भाडेपावती, असेसमेंट (मालमत्ता कराचं) बिल आणि मूळ मालकाची लेखी संमती हे चार कागद एकत्र लावून बघा. चारही कागदांवरची नावं एकमेकांशी जुळली पाहिजेत. संमतीपत्रात तुमच्या कंपनीचं नाव, मुदत आणि वापर स्पष्ट हवा. "आमची हरकत नाही" एवढी एक ओळ पुरत नाही.

मूळ मालक सार्वजनिक ट्रस्ट असेल तर आणखी एक मेख आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. "आपण लायसन्स करतोय, लीज (भाडेपट्टा) नाही" असं सांगून हा मुद्दा उडवून लावला जातो. तुम्ही वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पाच वर्षांच्या हिशेबाने फर्निचरवर पैसे तुम्ही घालणार आहात. बॅलार्ड इस्टेटमध्ये जागा बघत असाल तर जमीन पोर्टाची आणि इमारतमालक पट्टेदार, अशी रचना असते. तिथे पोर्ट प्राधिकरणाची परवानगी आणि मूळ पट्ट्याची उरलेली मुदत, दोन्ही तपासा.

एक बारीक गोष्ट पुढे फार छळते. बेस्टचं वीजबिल बघा. जुन्या गाळ्यांचे मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर चालू असतात. जीएसटीत नवा पत्ता नोंदवताना, गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) काढताना आणि वीजभार वाढवताना हेच बिल पुढे करावं लागतं आणि नावांची साखळी तुटली की अर्ज परत येतो. मीटरचं नाव बदलून देणं ही मालकाची जबाबदारी, आणि ते ताबा देण्याआधी, असं लिहून घ्या.

करार लीज करायचा की लिव्ह अँड लायसन्स? मुंबईत पाच वर्षांपर्यंत सगळे लायसन्सच करतात, त्याचं कारण मुद्रांक शुल्क. 60 महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला एकूण लायसन्स फी अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के मानीव व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के शुल्क लागतं. महिना 10 लाख, डिपॉझिट 60 लाख, पाच वर्षं आणि वाढ धरली नाही, तर 6 कोटी अधिक 30 लाख, म्हणजे 6.30 कोटींवर 1,57,500 रुपये. नोंदणी फी 1,000. लीजला मात्र बाजारमूल्याच्या ठरावीक हिश्शावर विक्रीपत्राच्या दराने शुल्क बसतं, ते कितीतरी पट होतं. मुदत 60 महिन्यांच्या पुढे गेली की लायसन्सलाही लीजचाच हिशेब लागतो. नोंदणी दोन्ही प्रकारांत सक्तीची आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 ती जबाबदारी मालकावर टाकतं.

पण स्वस्त लायसन्सची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे मालकाने इमारत विकली तर नवा मालक तुमच्या लायसन्सला बांधील नसतो. जीर्णोद्धार झालेल्या इमारतींचा भाव वर गेलेला असतो आणि त्या हातोहात विकल्या जातात, त्यामुळे हा धोका कागदापुरता नाही. बंदोबस्त करारातच करावा लागतो. विक्री करायची तर खरेदीदाराकडून हे लायसन्स पाळण्याचं हमीपत्र घेऊनच करावी, आणि तसं झालं नाही तर फर्निचर आणि विद्युतकामाचा उरलेला खर्च परत द्यावा. खर्च 60 महिन्यांवर समान वाटून, गेलेले महिने वजा करायचे आणि उरलेल्याची भरपाई घ्यायची. आकडा बिलांसह परिशिष्टात जोडा, म्हणजे तेव्हा वाद नको. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, दोघांनाही लागू असावं. मसुद्यात ते बहुतेक तुमच्यावरच असतं.

लायसन्स फीवर 18 टक्के जीएसटी आणि उगमकर कपात हे नेहमीचंच. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही असाल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो कर तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, एवढं हिशेबात धरा.

क्षेत्रफळ स्वतः मोजा. या इमारतींच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. आतून 20 बाय 30 फुटांची खोली घ्या: 600 चौरस फूट. चारही भिंती दोन फुटांच्या धरून बाहेरून मोजली तर 24 बाय 34, म्हणजे 816. नुसत्या भिंतींनी 36 टक्के फुगवटा आला, त्यात जिना-पॅसेज अजून धरलेलाच नाही. लेझर मीटरने आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजा आणि तो नकाशा दोघांच्या सहीने कराराला जोडा.

आणि पोटमाळा. 15-16 फुटी उंचीत कोणीतरी कधीतरी मधला मजला घातलेला असतो आणि तो सर्रास कार्पेट क्षेत्रफळात (आतल्या वापरायच्या जागेत) धरून भाडं लावलं जातं. तो पास झालेल्या नकाशात आहे का, किंवा 1 एप्रिल 1962 पूर्वीचा असल्याचा असेसमेंटचा उतारा आहे का, ते विचारा. बिगरनिवासी बांधकामांसाठी मुंबईत ती तारीख मानली जाते. दोन्ही नसेल तर महापालिका कायद्याच्या कलम 351 ची किंवा एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम 53 ची नोटीस कधीही येऊ शकते, आणि ती आली की पंधरा टेबलं एका रात्रीत कुठे हलवायची हा प्रश्न तुमचा. असा पोटमाळा क्षेत्रफळातून वगळा. मालक कबूल होत नसेल तर त्यावर निदान बसायची व्यवस्था करू नका.

पुढची गोष्ट हेरिटेजची. मुंबईत 1995 पासून हेरिटेज नियमावली आहे, सध्या ती विकास नियंत्रण नियमावली 2034 च्या कलम 52 खाली येते. इमारतीची श्रेणी काय, हा पहिला प्रश्न. श्रेणी 1 मध्ये आत-बाहेर कुठेच फारसं काही करता येत नाही. 2-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरच्या बाजूची मात्र कडक छाननी होते. 2-ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामाचाही विचार होऊ शकतो. 3 मध्ये आणखी मोकळीक. इमारत स्वतः यादीत नसली तरी फोर्ट परिसरच हेरिटेज क्षेत्र आहे, आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला 2018 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाल्यापासून दर्शनी बाजूकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं. तुम्हाला नेमकी कोणती कामं करायची आहेत त्यांची यादी करून आर्किटेक्टकडून लेखी घ्या: यातल्या कशाला महापालिकेची परवानगी, कशाला मुंबई हेरिटेज संवर्धन समितीचं मत, आणि कशाला काहीच नको. बाहेरून दिसणारं काहीही, म्हणजे एसीचं युनिट, खिडकीची काच, पाटी, केबलची पट्टी, ही विचारूनच करायची. पाटीबद्दल तर आधीच मन तयार ठेवा. कमानीच्या आत बसेल एवढी, कोरीवकाम न झाकणारी. चमकता एलईडी बोर्ड विसरा.

हे सगळं भाड्याशी जोडलेलं आहे ते असं. नव्या टॉवरमध्ये फर्निचरसाठी 45-60 दिवस बिनभाड्याचे मिळतात. इथे तेवढ्यात परवानगीचा कागदही हलत नाही. म्हणून दिवस वाढवून मागण्यापेक्षा सुरुवातीची तारीख बदला: लायसन्स फी ताब्याच्या दिवसापासून नाही, तर शेवटची आवश्यक परवानगी हाती आल्यापासून 90 दिवसांनी सुरू. सोबत एक शेवटची मर्यादा, समजा सहा महिने. तोपर्यंत परवानगी आली नाही तर डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडायची मुभा. मालक कुरकुर करतील, पण ज्याला आपल्या इमारतीचे कागद स्वच्छ असल्याची खात्री आहे तो हे मान्य करतो. त्याची प्रतिक्रिया हीच एक चाचणी समजा.

आता मजल्याच्या जमिनीकडे या. शंभर वर्षांपूर्वीच्या फोर्टमधल्या इमारतीत वरचा मजला तीन प्रकारांपैकी एक असतो: सागवानी तुळयांवर फळ्या किंवा लादीकोबा (लाद्यांवर चुन्याचा कोबा), लोखंडी आयबीमच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी, किंवा विसाव्या शतकात पुढे आलेलं सुरुवातीचं आरसीसी. तिन्हींचं दुखणं वेगळं. लाकडाचं टोक भिंतीत कुजतं, आयबीम गंजून फुगतो आणि विटा ढकलतो, जुन्या आरसीसीत सळया गंजून प्लास्टर सुटतं.

लाकडी मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सगळ्या तुळया नाही दाखवल्या तरी चालेल, पण पावसाळी पाईप जिथून खाली येतो त्या कोपऱ्यातल्या आणि संडासाला लागून असलेल्या तुळया उघडून दाखवाच. भिंतीपासून हातभर अंतरात खालून लाकडी मोगरीने ठोकायचं. निरोगी सागाचा आवाज टणक येतो, पोकळ झालेल्याचा बद्द. मग टोच्या घुसवून बघायचा. चांगल्या सागात तो दोन-तीन मिलिमीटरवर अडतो, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातो. वर रंगाचा थर चकचकीत असू शकतो, त्याला भुलू नका. मजल्याच्या मध्यावर उभं राहून चवड्यांवर उठा आणि टाचा धपकन आपटा. टेबलावरचं पाण्याचं भांडं थरथरून लगेच शांत झालं तर ठीक, हेलकावत राहिलं तर तुळया कमी पडतात. लेझर लेव्हलमध्ये दिसणारा जुना बाक तेवढा भीतीदायक नसतो, शंभर वर्षांत लाकूड थोडं वाकतंच. नव्या दुरुस्तीनंतरच्या प्लास्टरमध्ये त्याच रेषेत ताजी भेग असेल तर मात्र थांबा.

भाराचे आकडे लेखी मागा. भारतीय मानक आयएस 875 (भाग 2) प्रमाणे ऑफिसला, कागदपत्रांची खोली वेगळी असेल तर, चौरस मीटरला साधारण 250 किलो, नसेल तर 400 आणि रेकॉर्डच्या खोलीला 500 किलो धरतात. आता तुमचं सामान बघा. यूपीएसच्या 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या 32 बॅटऱ्या प्रत्येकी सुमारे 30 किलोच्या, म्हणजे 960 किलो, आणि त्या उभ्या रॅकवर एक-दीड चौरस मीटरात. फायलींनी गच्च भरलेला सरकता कॉम्पॅक्टर चौरस मीटरला 1,000 किलोच्या घरात जातो. हे दोन्ही तळमजल्यावर, किंवा निदान भारवाहक भिंतीला लागून आणि तुळयांना आडवे पसरवून ठेवा. सगळ्यात नेहमीची चूक मात्र फरशीची. मजला सपाट दिसावा म्हणून कंत्राटदार 50 मिलिमीटर सिमेंटचा थर ओततो. तो चौरस मीटरला 120 किलो. तुमची निम्मी क्षमता माणूस आत यायच्या आधीच संपली! सपाटी हवी तर पायांवर उभी राहणारी हलकी उचललेली जमीन करा, केबलही तिच्याखालून जातील, आणि खालच्या जुन्या नक्षीदार विलायती मिंटन टाइल्स असतील तर त्या वाचतील.

ओल्या जागा हलवू नका. संडास आणि पँट्री जुन्या पाईपांच्या उभ्या रांगेलगतच ठेवायच्या. लाकडी मजल्याच्या मधोमध सिंक आणलं की ढाळासाठी जमीन उंचवावी लागते, गळती दिसत नाही आणि तिसऱ्या वर्षी खालचा भाडेकरू छत घेऊन दारात उभा राहतो. पाण्याचा हिशेब माणशी 45 लिटर, तुम्हाला दिवसाला 2,000 लिटरच्या वर. गच्चीवरच्या टाकीत तुमचा वाटा किती, ते विचारा.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट लावू नका, मालकाने लावलेला असेल तर ती वाईट खूण आहे. चुन्याची दगडी भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच साचते, क्षार फुलतात, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. शक्य असेल तर जागा जुलै-ऑगस्टमध्येच बघा, पश्चिमेच्या खिडक्यांखाली हात फिरवून. उन्हाळ्यात पाहिलेली जागा अर्धीच पाहिलेली असते.

वीज आणि एसी एकत्र बघा. 5,000 चौरस फुटांना मुंबईच्या हवेत ढोबळ 30 टन लागतात, त्याचे 35 किलोवॅटच्या आसपास. दिवे, संगणक, सर्व्हर, पँट्री धरून मागणी 55 किलोवॅटपर्यंत जाते. जुन्या गाळ्याचा मंजूर भार 10-15 किलोवॅट असू शकतो. वाढीव भारासाठी बेस्टला नुसता अर्ज पुरत नाही, मुख्य केबल आणि पॅनेलला जागा लागते, ती कुठे आणि खर्च कोणाचा ते करारात हवं. बाहेरची युनिटं दर्शनी बाजूला लावता येत नाहीत. मग मागच्या चौकात किंवा गच्चीवर. मंगलोरी कौलांच्या उतरत्या छतावर 250-300 किलोचं युनिट ठेवायला वेगळी पोलादी चौकट भिंतींवर टेकवावी लागते. त्या जागेचा हक्क, तिथे दुरुस्तीला जायची वाट आणि एसीतून गळणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याचा मार्ग नकाशावर दाखवून घ्या. फॉल्स सीलिंग टाळा. डक्ट उघडेच टांगा, छत डोळ्यासमोर राहतं आणि गळती पहिल्या दिवशी कळते. वायफायचे पॉइंट खोलीगणिक एक धरा, दोन फुटी दगडातून सिग्नल पलीकडे पोचत नाही.

आग हा विषय गंभीर आहे आणि यात मला तडजोड अजिबात मान्य नाही. राष्ट्रीय इमारत संहिता ऑफिससाठी माणशी 10 चौरस मीटर धरते. तुमचे 5,000 चौरस फूट म्हणजे 465 चौरस मीटर, 46 माणसं. आज 45 बसतात, पण वर्षभरात 70 करायचा बेत असेल तर ही जागा तुमची नाही. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, की मागचा सफाईचा गोल जिना खोक्यांनी भरलेला आहे? एकुलता लाकडी जिना आणि त्याच्याखालीच मीटररूम, ही रचना दिसली तर मीटररूम हलवून अग्निरोधक दार लावल्याशिवाय सही नको. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, 2006 खाली यंत्रणा चालू असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मागच्या दोन वेळचं बघायला मागा. हा कायदा मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यालाही धरतो.

लिफ्टचा परवाना पाहा आणि केबिन मोजा. जुन्या पिंजरा लिफ्टमधून कॉन्फरन्स टेबल जात नाही, सामान तुकड्यांत बनवून आणावं लागतं. गाड्यांसाठी जागा मागण्यात वेळ घालवू नका. लोकल आहे, आता मेट्रो 3 चं हुतात्मा चौक स्टेशनही आहे.

शेवटी करारातली दुरुस्तीची आणि जागा सोडण्याची कलमं. "आतली दुरुस्ती लायसन्सीची, स्ट्रक्चरल मालकाची" हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण तुळईवरची फळी आतली की स्ट्रक्चरल यावरच भांडण होतं. नावं घेऊन लिहा: छत, कौलं, पावसाळी पाईप, बाहेरच्या भिंती, तुळया आणि त्यांवरची फळी किंवा लादीकोबा, खिडक्यांच्या चौकटी, उभे सांडपाण्याचे पाईप, सामाईक जिना आणि मुख्य केबल मालकाकडे. महापालिकेने कलम 354 ची धोकादायक इमारतीची नोटीस दिली, किंवा ऑडिटमध्ये इमारत सी-1 (रिकामी करून पाडण्याजोगी) अथवा सी-2ए (काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती लागणारी) ठरली, तर त्या दिवसापासून फी बंद, लॉक-इन रद्द आणि डिपॉझिट 15 दिवसांत परत. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं महापालिका कायद्याच्या कलम 353-ब खालचं मजबुतीचं प्रमाणपत्र सहीआधीच मागून ठेवा.

"जागा मूळ स्थितीत परत करावी" असं छापील कलम असतं. शंभर वर्षांत दहा जणांनी बदललेल्या जागेची मूळ स्थिती कुठली? ताब्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, भिंतींवरच्या भेगांची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि फरशीच्या फुटक्या टाइल्सची संख्या असलेली यादी करा, दोघांच्या सह्या घ्या आणि "मूळ स्थिती म्हणजे हे परिशिष्ट" असं लिहा. परवानगी घेऊन केलेलं विद्युतकाम आणि उचललेली जमीन काढायची की ठेवायची, हे तेव्हा मालकाने 60 दिवस आधी लेखी कळवावं. काढताना जुनं काही फुटण्याची शक्यता असेल तर ते जागीच ठेवावं. चाव्या आणि डिपॉझिटचा धनाकर्ष एकाच टेबलावर, एकाच वेळी.